गुलाबी फेस

पौष महिना होता. कोळंबगावात त्या दिवसांत उन्हं वर येईपर्यंत धुकं काजूच्या बागांतून हलत नसे. घाड्यांच्या घराशेजारच्या शेडमध्ये रुग्णवाहिका उभी होती आणि तिच्याखाली भूषण घाडी उताणा पडला होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

"आंबोळ्या गार झाल्या रे," प्रांजल दारातून म्हणाली. "काय चाललंय तुझं?"

"गिअरबॉक्सचं तेल बघत होतो." तो सरकत बाहेर आला, उठून बसला. "पातळी दाखवणाऱ्या काचेत रेषेच्या बोटभर खाली दिसलं. शेडमध्ये डबा होता, त्यातलं घातलं. आता रेषेच्या थोडं वरच आहे. हेमीला घेऊन घाट चढायची वेळ आली तर कमी पडायला नको."

प्रांजल कानाला फोन लावून आरोग्य केंद्राशी बोलत होती. "बरं केलंस," ती त्याला म्हणाली, आणि बोलत बोलतच आत गेली.

प्रांजल त्या रुग्णवाहिकेची पायलट, म्हणजे चालक, होती. भूषण पूर्वी ट्रक चालवायचा, जांभ्या दगडाचे चिरे भरून. पाठीचा मणका दुखावल्यावर स्टिअरिंग सुटलं, पण गाडीचं वेड सुटलं नाही. रोज सकाळी तो बायकोची गाडी धुऊन, पुसून, चाकांची हवा बघून तयार ठेवायचा. तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. प्रांजल घाटात असली की तो जेवायचा नाही, एवढंच ती जाणून होती.

हेमांगी भूषणची धाकटी बहीण. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून ती बाळंतपणाला माहेरी आली होती. प्रांजल आणि ती कॉलेजातल्या मैत्रिणी; या घरात प्रांजलला आणलं ते हेमांगीनेच. "माझा दादा जरा भित्रा आहे, पण चांगला आहे," असं म्हणून तिने स्थळ सुचवलं होतं. लोकांसमोर ती प्रांजलला वहिनी म्हणायची, एरवी नावाने.

त्या गाडीबद्दल इथे थोडं सांगायला हवं. विजेच्या गाड्या तोवर सगळीकडे झाल्या होत्या. पण पोटात अर्धा अतिदक्षता विभाग घेऊन उभा घाट चढायचा, तर बॅटरीचं वजनच गाडीला भारी व्हायचं. म्हणून घाटभागातल्या रुग्णवाहिका उसाच्या इथेनॉलवर धावत, आणि त्यांना ऑटोमॅटिक गिअर असत. अशा गाडीत क्लचचं पेडल नसतं. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये असतं ते तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, पंखा तेल ढकलतो, त्या तेलाच्या जोराने समोरचा दुसरा पंखा फिरतो आणि चाकं ओढली जातात. गिअर बदलतात तेसुद्धा याच तेलाच्या दाबाने. सपाट रस्त्यावर हे सगळं सुखाने चालतं. चढावर जड गाडी मागे ओढते, इंजिन पुढे रेटतं, आणि दोघांच्या ओढाताणीत मधलं तेल तापतं. फार तापलं की ते जळतं, दाब जातो, आणि गाडी जागच्या जागी घोंघावत राहते.

यावर उपाय निघाला तो मेणाचा. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कवचांमध्ये मेण भरून ती कवचं तेलात मिसळायची. सरबतातला बर्फ वितळून संपेपर्यंत सरबत गार राहतं, तसंच इथे. चढावर जी उष्णता तयार होते ती मेण वितळवण्यात खर्ची पडते, तेलाचं तापमान वाढत नाही. उतारावर मेण परत गोठतं आणि पुढच्या चढाला तयार होतं. लोक त्याला शीतल तेल म्हणायला लागले. रेडिएटर लहान झाला, गाडी हलकी झाली, वाटेत थांबणं संपलं. कोळंबगावचा रुग्ण तासाभरात कोल्हापूरला पोचू लागला.

आणि मग कोळंबगावचं ऑपरेशन थिएटर बंद झालं. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. तासावर मोठं रुग्णालय असताना इथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ बसवून कशाला ठेवायचे, असा साधा विचार होता. गावानेही फार कुरकुर केली नाही. त्या खोलीत सकाळचा योगाचा वर्ग भरू लागला.

भूषणने तेल घातलं त्याच दिवशी हेमांगीला कळा सुरू झाल्या. आरोग्य केंद्रात बाळंतपण नीट पार पडलं. मुलगी झाली. केंद्रातले तरुण डॉक्टर रेहान मुकादम हसत बाहेर आले आणि म्हणाले, "आवाज ऐकलात ना? गळा चांगला आहे."

हेमांगीने प्रांजलला जवळ बोलावलं. "ह्यांना फोटो पाठव. बाळाचा फक्त. माझे केस बघ कसे झालेत."

प्रांजल फोटो काढत होती तेव्हा हेमांगी म्हणाली, "प्रांजल, मला थंडी वाजते गो."

चादर बाजूला केली आणि सगळ्यांना दिसलं. रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर मुकादमांनी इंजेक्शनं दिली, पोट चोळलं, सलाइन चढवलं. मग ते प्रांजलकडे वळले. त्यांचा चेहरा पार बदललेला होता. "गर्भाशय आवळत नाहीये. हे थिएटरमध्येच थांबवावं लागेल. गाडी काढा."

भूषणने स्ट्रेचरला हात लावला. गाडीच्या मागच्या दाराशी त्याने बहिणीच्या कपाळावरून हात फिरवला. "घाबरू नको. सकाळीच गाडी बघितली मी. थेट कोल्हापूर. तू आपली डोळे मिटून पड." बाळाला घेऊन कोणीतरी थांबायला हवं होतं, आणि ते त्याच्या आईला एकटीला झेपलं नसतं. म्हणून तो थांबला.

वाघझऱ्याचा घाट दुपारच्या उन्हात मोकळा होता. प्रांजलने पहिली वळणं झपाट्याने घेतली. तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता. तो हलत नसेच. शीतल तेल आल्यापासून त्याच्याकडे बघायची सवयच मोडली होती. मागून डॉक्टरांचा आवाज येत होता, आकडे सांगणारा, मग हेमांगीला नावाने हाक मारणारा.

अर्धा घाट चढल्यावर इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग चढला नाही. प्रांजलने पाय आणखी दाबला. इंजिन ओरडलं, गाडी मात्र गुडघ्यातून बळ गेल्यासारखी मंदावत गेली. तेव्हा कुठे काटा हलला, आणि हलला तो एकदम लाल पट्ट्यापर्यंत गेला. पुढच्या पडद्यातून एक शांत, गोड आवाज आला. "गिअरबॉक्स अतिशय तापला आहे. कृपया गाडी सुरक्षित जागी थांबवा. गिअरबॉक्स थंड होईपर्यंत गाडी चालणार नाही."

"आत्ता नको गं," प्रांजल त्या पडद्याला म्हणाली. "थोडंच राहिलंय. आत्ता नको."

तिने जेमतेम गाडी कठड्याच्या कडेला घेतली. खाली उतरली तेव्हा जळक्या तेलाचा वास नाकात शिरला. गाडीखालून काहीतरी गळत होतं. ती वाकून बघू लागली. गिअरबॉक्समधली हवा सोडणाऱ्या नळीतून फेस बाहेर पडत होता. शीतल तेल रंगाने लाल. त्याचा फेस गुलाबी होता, साबणाच्या फेसासारखा दाट. डांबरावर त्याचा पुंजका साचत चालला होता.

तेल जास्त झालं की फेस होतो, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तेल नेहमी गाडी चालून गरम झाल्यावरच बघायचं, हेही शिकवलं होतं. रस्त्यावर ओणवी असतानाच तिला सकाळ आठवली. पौषातला गारठा, थंड गाडी, आणि "रेषेच्या थोडं वरच आहे". तिने तेव्हा एवढंच विचारायला हवं होतं, की गाडी चालू करून बघितलंस का. तिने म्हटलं होतं, बरं केलंस.

विचार करायला वेळ नव्हता. तिने वायरलेसवरून मदत मागितली. घाटमाथ्यावरची दुसरी रुग्णवाहिका रुग्ण सोडायला कोल्हापूरला गेली होती, ती तिथून उलटी निघाली. रक्तपेढीचा ड्रोन तिच्याआधी आला आणि कठड्यावर रक्ताच्या पिशव्या ठेवून गेला. काजूच्या पोत्यांचा एक टेम्पो थांबला. पण त्यात हेमांगीला हलवायला डॉक्टर तयार झाले नाहीत. "हलवलं तर वाटेतच जाईल. तुम्ही आत या. मला हात कमी पडताहेत."

प्रांजल आत गेली. डॉक्टरांनी तिची मूठ हेमांगीच्या पोटावर ठेवली आणि दाबायला सांगितलं. "जोर कमी करू नका. काहीही झालं तरी."

वरच्या पिशवीतून रक्त आत जात होतं आणि खालून बाहेर येत होतं. हेमांगीने डोळे उघडले.

"थांबलो काय गो?"

"नाही. आलोच."

"खोटारडी." ती हसल्यासारखं करायला गेली. "आवाज कुठाय इंजिनाचा?" मग बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मनवा ठेवा तिचं नाव. ह्यांना दुसरंच ठेवायचंय, पण तुम्ही मनवा ठेवा."

दुसरी गाडी वळणावर दिसली तेव्हा तिचा भोंगा सगळ्या दरीत घुमला. डॉक्टर मुकादमांनी प्रांजलच्या मनगटाला हात लावला. "आता काढा हात," ते म्हणाले. तिने काढला नाही. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

गावात हाहाकार झाला. लोकांनी आरोग्य केंद्रापुढे ठिय्या दिला, थिएटर परत सुरू करा म्हणून. गाडी बनवणाऱ्या कंपनीने इरावती ताम्हनकर नावाच्या इंजिनिअरला पाठवलं. तिने गिअरबॉक्स उघडला, तेल मोजलं, गिअर पकडणाऱ्या जळालेल्या चकत्या काढून कापडावर मांडल्या. मग केंद्राच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तिने समजावून सांगितलं. तिचा सूर बचावाचा नव्हता. ती मधून मधून थांबत होती आणि समोर बसलेल्या हेमांगीच्या आईकडे बघायचं टाळत होती.

"गिअरबॉक्सच्या तळाशी तेल असतं," ती म्हणाली. "फिरणाऱ्या दात्यांनी त्या तेलाला शिवायचं नसतं. तेल जास्त झालं की दाते त्यात बुडतात आणि रवीने ताक घुसळावं तसं तेल घुसळतात. त्याचा फेस होतो. फेसात हवा असते. पंपाने तेलाऐवजी हवा ओढली की दाब पडतो, चकत्या एकमेकींवर घसरतात आणि घसरल्या की आणखी तापतात. हे कुठल्याही ऑटोमॅटिक गाडीत होतं. पण या तेलात मेण आहे, आणि मेण वितळलं की फुगतं. थंड गाडीत तेल कमीच दिसतं. तेव्हा कोणी रेषेपर्यंत भरलं, तर घाटात ते कितीतरी वर येतं. आणि जोवर मेण वितळतंय तोवर काटा हलत नाही. चालकाला काही कळत नाही."

"मग काचेवर थंड गाडीची वेगळी रेषा का नाही?" डॉक्टर मुकादमांनी विचारलं.

ती म्हणाली, "असायला हवी होती. शिकलेला माणूसच बघेल असं आम्ही धरून चाललो. ते चुकलं आमचं." मग तिने पुढे विचारलं, "पण गाडीत बाहेरून तेल घातलं गेलंय, हे नक्की. मला कोणाला पकडायचं नाहीये. जिल्ह्यात अशा पुष्कळ गाड्या आहेत. हे कसं घडलं ते कळलं तर त्या तपासता येतील. तेल कोणी घातलं?"

प्रांजलने भूषणकडे पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता, बाळ खांद्यावर. इंजिनिअर बोलत होती तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि बाळाच्या पाठीवर थोपटणारा हात मध्येच थांबला होता. प्रांजलला वाटलं, हा माणूस आता इथे सगळ्यांसमोर कोसळेल. आणि मग परत कधी उठणार नाही.

"मी घातलं," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"सकाळी गाडी थंड असताना बघितलं. कमी वाटलं, म्हणून घातलं. मला शिकवलं होतं, तरी घातलं."

हे बोलताना तिच्या मनात एक गोष्ट पक्की होती. ती तिने स्वतःशीही शब्दांत मांडली नव्हती. भूषण आता बोलेल. तो म्हणेल, नाही, हिने नाही. मग ती म्हणेल, मलाही माहीत होतं. मग दोघं मिळून जे काय व्हायचं ते सोसतील. तिने वाट पाहिली. भूषणने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मान खाली घातली.

हेमांगीची आई उठून उभी राहिली. ती ओरडली नाही. "माझ्या लेकीने तुला ह्या घरात आणली," एवढंच ती म्हणाली.

इरावती ताम्हनकर संध्याकाळी निघायच्या आधी शेडपाशी आली. प्रांजल रिकाम्या शेडमध्ये उभी होती.

"तुम्हाला प्रशिक्षण मीच दिलं होतं," इरावती म्हणाली. "तुम्ही थंड गाडीत तेल बघाल असं मला वाटत नाही."

"मी सांगितलं ना."

"तुमचा पायलटचा परवाना जाईल. कदाचित खटलाही होईल. परत एकदा विचार करा. खरं सांगायला अजून वेळ आहे."

"बाकीच्या गाड्या तपासाल ना?"

"उद्यापासून."

"मग झालं," प्रांजल म्हणाली.

गाड्या तपासल्या गेल्या. बऱ्याच गाड्यांत तेल जास्त निघालं. कुठे चालकाच्या भावाने घातलेलं, कुठे वॉचमनने, सगळ्यांनी काळजीपोटीच. कंपनीने झाकणांना कुलपं बसवली, काचेवर दुसरी रेषा आणली. त्यामुळे किती जीव वाचले हे कोणी सांगू शकत नाही. प्रांजलचा परवाना गेला. खटला उभा राहिला नाही. कंपनीने आपलीही चूक कबूल केली होती.

घरात मात्र सगळं उभंच राहिलं. प्रांजलने बाळाला घ्यायला हात पुढे केले की सासू पाठ फिरवायची. बाळ रात्रंदिवस भूषणजवळ असायचं. बाटलीने दूध पाजायला, शेकायला, अंगाई म्हणायला तो शिकला. प्रांजलशी तो चांगला वागायचा. फार चांगला. तिचं ताट वाढून ठेवायचा, तिला काय हवं-नको विचारायचा; पाहुण्याला विचारतात तसं. ती एकटी सापडेल अशी वेळ तो टाळायचा.

ती वाट बघत राहिली. लोकांसमोर नको, निदान मला तरी म्हण. रात्री कूस बदलताना म्हण. काही म्हणू नकोस, नुसता हात धर.

हेमांगीचा नवरा येऊन गेला. मुलीला मांडीवर घेऊन दोन दिवस बसला आणि परत बोटीवर गेला. वर्षभरात त्याने दुसरं लग्न केलं. मनवा आजोळीच राहिली.

ते लग्न ज्या दिवशी कळलं, त्या दुपारी भूषण स्वयंपाकघरात आला. सासू झोपली होती, बाळ झोपलं होतं. प्रांजल वाटाणे निवडत होती. तो तिच्यासमोर पाटावर बसला. आता, तिला वाटलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "एवढं जास्त का घातलंस गो?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो थट्टा करत नव्हता, नाटक करत नव्हता. त्याला खरोखर उत्तर हवं होतं. आपण दिलेल्या खोट्यात हा माणूस घर करून राहिलाय, आणि आता त्याला बाहेरचं काही दिसत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

"रेषा नीट दिसली नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ दे. झालं ते झालं," तो म्हणाला. तिला क्षमा केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी प्रांजल कोल्हापूरला मावशीकडे निघून गेली.

मावशीची मेस होती, रंकाळ्याच्या बाजूला. प्रांजल तिथे पोळ्या करायला, हिशेब बघायला लागली. मावशी थकल्यावर मेस तीच चालवू लागली. मेसवरची पोरं तिला ताई म्हणत. ती पुन्हा गाडी चालवायला बसली नाही. कोळंबगावचं थिएटर परत सुरू झालं, हे तिला डॉक्टर मुकादमांकडून कळलं. ते मधून मधून फोन करायचे आणि हवापाण्याच्या गोष्टी बोलायचे.

सहा वर्षं अशी गेली. मग एका दुपारी, जेवणाची पंगत उठून गेल्यावर, दारात भूषण उभा राहिला. केस पिकले होते. त्याच्या मागून एक मुलगी डोकावत होती. रुंद कपाळ, हनुवटीला खळी. प्रांजलने टेबलाची कड धरली. हेमांगीच उभी होती, कॉलेजच्याही आधीची.

"हिचे डोळे तपासायला आणलं होतं," भूषण म्हणाला. मग मुलीला म्हणाला, "मनवा, त्या बाकावर बस. ताई लाडू देतील."

मुलगी लांबच्या बाकावर लाडू खात बसली. भूषण उभाच राहिला.

"आई गेली दिवाळीत."

"कळलं मला. मुकादमांनी सांगितलं."

"तू परत ये. मी सांगतो सगळ्यांना. गावाला. मनवालाही. खरं काय ते."

प्रांजल टेबलावरची ताटं गोळा करू लागली.

"त्या दिवशीच बोलणार होतो," तो म्हणाला. "तोंडच उघडेना. आणि तू बोललीस तेव्हा मला बरं वाटलं गो. बहीण जाऊन चार दिवस झाले होते आणि मला बरं वाटलं. त्याची इतकी लाज वाटली, की मग तुझ्या तोंडाकडे बघवेना."

"मला विचारलंस तू. एवढं का घातलंस म्हणून."

"हो." त्याने डोळे मिटले. "तेव्हा मला खरंच वाटत होतं की तूच घातलंस. मी रोज मनाशी तेच घोकत होतो. तू गेलीस त्या दिवशी शेडमध्ये तेलाचा रिकामा डबा हातात आला, आणि मी खाली बसलो."

हेच शब्द ऐकायला तिने एवढी वर्षं काढली होती. ते कानावर आले म्हणजे छातीवरचा दगड उतरेल, असं तिला वाटायचं. शब्द आले आणि दगड होता तिथेच राहिला.

मनवा लाडू संपवून आली आणि भूषणच्या मागे उभी राहिली. "मामा, ही कोण?"

"ही तुझी मामी. प्रांजल मामी."

मुलीचं तोंड बारीक झालं. तिने मामाचा शर्ट मागून मुठीत पकडला. "तेल घालणारी?"

"मनवा, ऐक," भूषण म्हणाला. "मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी सकाळी..."

प्रांजलला ती मूठ दिसत होती. बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत आवळलेली. आई नाही, बाप परक्या घरचा, आजीही गेली. धरायला या मुलीपाशी जगात एक शर्ट उरला होता.

"हो," प्रांजल मध्येच म्हणाली. "तीच मी. मीच घातलं तेल."

भूषणने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"चुकून?" मुलीने विचारलं.

"चुकून."

"पण माझी आई मेली."

"हो बाळा."

भूषण तिथेच बाकावर बसला आणि तोंड झाकून रडू लागला. मोठ्याने, आवरता न येणारं. मनवा आधी घाबरली. मग तिने आपल्या फ्रॉकच्या बाहीने त्याचे गाल पुसायला सुरुवात केली, आणि पुसता पुसता मान वळवून प्रांजलकडे रागाने बघितलं.

"माझ्या मामाला रडवू नको तू," ती म्हणाली. "चल मामा. आपण घरी जाऊ."

तिने त्याला ओढून उठवलं. दाराबाहेर रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती. भूषणला काही दिसत नव्हतं. तो नुसता चालत होता. मुलीने त्याला कडेला थांबवलं, दोन्ही बाजूंना नीट बघितलं, आणि दोन्ही हातांनी त्याचा हात घट्ट धरून त्याला रस्त्याच्या पलीकडे नेलं.